पायऱ्यांच्या विहिरीतलं डिझेल

माय,

तुला कागद लिहायचा म्हणजे आधी हसूच येतं. तुला वाचता येत न्हवतं, आन मला लिहिता येतं ते चौथीपुरतं. म्हणजे मी लिहिणार वाकडं आन तू वाचणार न्हाईस, जमलं आपलं. पण आज कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत न्हाई, आन घरातल्या सगळ्यांना सांगून झालंय. सुनेला दोनदा सांगितलं, शेजारणीला तीनदा, दूधवाल्यालाही सांगितलं, तो किटली हातात धरून उभा राह्यला बिचारा. आता उरलीस तूच. नातीनं छापून टाकून दिलेले कागद घरात पडले होते, एका अंगानं सरकारी नियम आन दुसऱ्या अंगानं कोरे. त्या कोऱ्या अंगावर लिहून राह्यले. अक्षर मोठं काढते, म्हणजे माझं मलाच वाचता येईल.

नात म्हणजे माझ्या थोरल्या लेकाची पोरगी, तुझी पणती. तू तिला बघितलं न्हाई. तुला जाऊन चाळिसाच्या वर वर्षं झाली आन ती आत्ता कुठं अठ्ठावीसची. उंच आहे, चालताना तुझ्यावाणी डावा खांदा जरा पुढं टाकते. समुद्राच्या काठी एका सरकारी ऑफिसात काम करते. काय काम करते हे समजायला मला दोन वर्षं लागली. समुद्रातून मोठाली जहाजं तेल घेऊन जातात, आपलं करडीचं न्हाई, जमिनीतून काढलेलं, काळं. एखादं जहाज फुटलं का ते तेल पाण्यावर पसरतं, मासे मरतात, काठावर काळा चिकट थर बसतो. असं झालं तर कोणी पहिलं धावायचं, होड्या कोणाच्या घ्यायच्या, काठ कोणी साफ करायचा, हे सगळं तेल सांडायच्या आधीच ठरवून ठेवायचं. त्याचे नियम करायचे आन करार करून ठेवायचे. सांडल्यावर टेंडर काढत बसलं तर तोवर तेल दारात येतं. आन हे एकट्यादुकट्याचं काम न्हाई, त्यात दहा खाती आहेत, बंदराचं वेगळं, मासेमारीचं वेगळं, जंगलाचं वेगळं, आन प्रत्येकाच्या वेगळ्या हरकती. ही त्या सगळ्या हरकती गोळा करते, याचं म्हणणं त्याला समजावते, त्याचं याला, आन शेवटाला सगळ्यांच्या सहीचा एक कागद तयार करते. मी म्हणलं, "म्हणजे लग्नात रुसलेल्यांची समजूत काढायचं काम." ती म्हणली, "बराबर तेच, आज्जी. फक्त इथं वरमाया दहा आहेत, आन नवरीकडं बघायला कोणालाच टाइम न्हाई." मी इतकी हसले का सुपातली ज्वारी सांडली. आपल्या जिल्ह्यात समुद्र तर सोडच, नदीलासुद्धा चार महिने पाणी दिसलं तर नशीब, आन आपल्या घरची पोर समुद्र राखते! राजूरच्या गणपतीला गेल्ते तव्हा रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईला मी हे सांगितलं. ती म्हणली, "कोस्ट गार्डात आहे का?" मी म्हणलं, "न्हाई, त्यांना कागद देणारी आहे." आता हे खरं का खोटं ते मला म्हाईत न्हाई, पण त्या बाईनं मला पुढं जाऊ दिलं.

मागल्या महिन्यात ती पंधरा दिवस घरी आल्ती. आम्ही आता गावात राहत न्हाई माय, बदनापुरात स्टेशनाच्या अलीकडं लेकानं घर बांधलंय, वर गच्ची आहे. घरात मोबाईलला रेंज येत न्हाई, गच्चीच्या जिन्यात येते. म्हणून ती जिन्याच्या मधल्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसायची आन मी तिच्या खाली दोन पायऱ्या सोडून सूप घेऊन. तिच्या मिटिंगा तिथंच. गाडी आली का स्टेशनावरचा भोंगा सगळ्यांना ऐकू जायचा आन ती म्हणायची, "एक मिनिट सर, नांदेडकडची गाडी आहे, जाऊ द्या." साहेब लोकांना आता आपल्या गाड्यांचे टाइम पाठ झालेत म्हणे. मी काही बोलत न्हवते. खडे वेचायचे आन कान वर ठेवायचा.

तर त्या नियमात एक कलम तिनं स्वतःच्या हातानं घातलं होतं. होड्यावाल्यांशी, मशिनवाल्यांशी आधी करार करायचा हे सगळ्यांना मान्य होतं. पण काठावरचं तेल तर हातानंच उचलावं लागतं, फावड्यानं, टोपल्यानं, आन ते उचलायला काठावरच्या गावातल्या बायामाणसंच येतात. तिचं म्हणणं असं, का त्यांनाही आधीच विचारायचं. वर्षातून एकदा गावात जायचं, बसायचं, कोण येणार, कोण न्हाई ते विचारायचं, हातमोजे काय द्यायचे, सावली कुठं करायची, अंगाला काही झालं तर दवाखान्यात कोण नेणार, हे तेल सांडायच्या आधी ठरवायचं आन लिहून सही घ्यायची. एवढंच ते कलम. त्या कलमावर ती किती जीव टाकून बोलायची! तिची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. मी एकदा म्हणलं, "सगळ्या जगाची बोली तू करतेस, तुझी कोण करतं गं?" तर म्हणली, "आज्जी, तू ज्वारी निवड."

एका दुपारी ती मिटिंग चालू होती. तिचे मोठे साहेब बोलत होते. माणूस वाईट न्हाई हं, आवाजावरून तरी घरात नातवंडं असल्यासारखा वाटतो. ते म्हणले, "हे कलम कशाला वाढवायचं? गावोगाव जाऊन सह्या घेत बसायला माणसं कुठून आणू? अहो, आपल्याकडची गावं अशा वेळेला आपणहून येतात. तुम्हीच नाही का सांगितली तुमच्या पणजीची गोष्ट? विहिरीत डिझेल पडलं आणि ती बाई घरातली गादी फाडून पाण्यात उतरली. तिला कोणी करार दिला होता का? ही आपल्या लोकांची ताकद आहे, तिला आपण कागदात कशाला बांधायचं?" बाकीचे हो हो म्हणले. एक बाई म्हणली, "फारच सुंदर गोष्ट होती ती." साहेब म्हणले, "मग गुरुवारपर्यंत ते कलम काढून मसुदा पाठवा."

नातीनं लॅपटॉप मिटला. मंग म्हणली, "आज्जी, तुझ्या गोष्टीनं माझं कलम खाल्लं." हसत म्हणली, पण तिचा आवाज मला कळतो. मी सुपातला एक खडा उचलला आन तसाच हातात धरून बसले.

कारण ती गोष्ट माझीच. ती लहान असताना तिला जेवू घालताना हीच गोष्ट सांगायची मी, आन त्या आधी माझ्या पोरांना, आन त्या आधी नवीन नवीन सासरी आल्ते तव्हा जावांना. सगळ्यांना आवडायची. गोष्ट अशी सांगायची मी: गावाला पाणी द्यायला एकच विहीर उरली होती, पायऱ्यांची, वैशाखाचं ऊन. गाडीवाला स्टेशनावरून गिरणीच्या इंजनासाठी डिझेलचं टिपाड घेऊन आल्ता, बैलाला पाणी पाजायला थांबला. बैल बुजला, टिपाड गडगडत विहिरीच्या काठाला आपटलं, बूच निघालं आन अर्धं टिपाड पाण्यात. सगळं गाव डोक्याला हात लावून बसलं. माणसांनी बादल्या टाकल्या, तर तेल पाणी जास्तच घुसळलं. तव्हा माझी माय पुढं झाली आन म्हणली, "त्याला ढवळू नका, ते वरी बसलंय, वरच्या वरी टिपा." घरी गेली, लग्नातली गादी उसवली, कापूस काढला, आन तो पाण्यावर अंथरला. कापूस बुडाला न्हाई, तेल पिऊन वर तरंगत राह्यला. मंग गावातल्या मारवाडीणबाईनं आपले दोन लोड दिले, कोणी उशा आणल्या, कोणी कोपऱ्यात पडलेली कवडी आणली, म्हणजे बोंडातला हलका कापूस. दोन दिवसांत विहीर साफ! मंग मारुतीच्या पारावर बोलावून माझ्या मायला खण नारळ दिला. इथं मी दोन्ही हात असे पुढं करायची, नारळ धरल्यासारखे. गोष्ट संपली.

आन ही गोष्ट खोटी न्हाई माय. एक अक्षर खोटं न्हाई. फक्त तिथं संपत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना मी नातीला चुलीपाशी बसवलं. म्हणजे गॅसपाशी, मी अजून चूलच म्हणते. म्हणलं, "पोरी, ती गोष्ट तुला मी अर्धी सांगितली." ती चहाचा कप खाली ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसली. मंग सांगितलं.

तू पाण्यात उभी आहेस, कमरेएवढ्या. लुगडं वर खोचलंय. तुझ्यासंगं आणखी तिघी. मी पायरीवर बसलेय, मला दहावं वरीस. तुम्ही कापसाचे गोळे उचलता आन दोन्ही हातांनी घमेल्यात पिळता, परत टाकता, परत पिळता. कापूस कमी, म्हणून तोच तोच परत वापरायचा. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. वर काठावर माणसं उभी आहेत, घमेली ओढून घेतात, "शाबास, आणखी थोडं, त्या कोपऱ्यात बघ," म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला म्हणतेस, "पाणी पाज गं," आन मी तांब्या देते तर तुला तो धरवत न्हाई. मीच तुझ्या तोंडाला लावते. तुझ्या हातांची कातडी पांढरी पडून उसवल्यासारखी झालीय. वरून कोणीतरी म्हणतं, "आता थोडंच राह्यलंय माय, गावाचं काम आहे." आन तू परत वाकतेस.

खण नारळ तर दिला त्यांनी. तो नारळ तू दोन मनगटांच्या मधी धरलास, बोटं मिटत न्हवती तुझी. हे मी कधीच कोणाला सांगितलं न्हाई. मंग पुढचा महिना, दीड महिना. हाताला फोड, ते फुटले का चिरा. दोन नखं गेली. भाकरी थापता येईना, लुगडं नेसता येईना. झाडपाल्याचा लेप बांधायचा आन वर चिंधी. मृगाच्या आधी रानं साफ करायची मजुरी सगळ्या बायांना मिळाली, तुला कोणी बोलावलं न्हाई, का हात चालत न्हवते. आन त्या पारावरच्या माणसांतला एकसुद्धा दारात आला न्हाई, का बाई, कशी आहेस. तुझ्या संगच्या तिघींचंही तसंच. एकीचा डोळा सुजला होता. आन एका दुपारी तू माझ्या हातची, कशीबशी थापलेली जाडजूड भाकरी खाता खाता म्हणलीस, अगदी साधं, जसं काही पीठ संपलं म्हणून सांगावं, "मला इचारलं असतं तरी मी न्हाई म्हणले नसते. पण इचारलंच न्हाई कोणी."

हे सांगितलं तव्हा नातीनं तोंड फिरवलं. तव्यावरची भाकरी जळाली, दोघींनाही वास आला न्हाई. सून आतून ओरडली, "आत्याबाई, काय जळून राह्यलंय?" मंग उठलो.

पण ती रडत बसली न्हाई हं. वही घेऊन आली आन मलाच प्रश्न! किती तास पाण्यात? पाणी कुठवर? काही खायला दिलं का? कोणी बघायला आलं का? बरं व्हायला किती दिवस? मी म्हणलं, "पोरी, तू काय पोलिसातली का?" ती म्हणली, "आज्जी, आता अर्धी सांगू नको." लागलं मला ते, पण बराबर होतं तिचं. मंग तिनं विचारलं, "पणजीनं पुढं काय केलं?" तर मी तिला तुझी बोली सांगितली. त्यानंतर तू कुठंही कामाला जाताना आधी दारात उभी राहायचीस, एक पाय उंबऱ्याच्या आत आन एक बाहेर. म्हणायचीस, "पाणी कोण भरणार? लेकरं कोणत्या झाडाखाली? काही लागलं खुपलं तर घरी कोण सोडणार? ते बोला, मंग मी येते." एकटीचं न्हाई, सगळ्या टोळीचं बोलायचीस. ठरलं का गुळाचा खडा, एक तुझ्या हातावर, एक समोरच्याच्या, दोघांनी तिथंच तोंडात टाकायचा. लोक तुला भांडकुदळ म्हणायचे. मलाही लाज वाटायची तेव्हा, बाकीच्यांच्या मायी चुपचाप जातात, आपलीच कशी दारात वकिली करते. पण एक सांगू, तुझ्या टोळीतल्या बाया दुसऱ्या कोणासंगं जायला तयार न्हवत्या.

नात म्हणली, "आज्जी, हे तर माझंच कलम आहे." मी म्हणलं, "तुझं कसं, तिचं आहे. तू फक्त गूळ सोडून दिलास."

मंग तिनं मला तो कराराचा नमुना दाखवला, वाचून दाखवला. खाली लिहिलेलं, कुटुंबप्रमुखाची सही. मी म्हणलं, "हा कोण?" ती म्हणली, "घरातला मोठा. बहुतेक नवराच असतो." मी म्हणलं, "तेलाच्या चिकट्यात उतरणार बाई आन सही त्याची? त्याला विचारलं तर तो हो म्हणणारच, त्याच्या बापाचं काय जातंय? त्याचे हात थोडीच फुटणार!" ती म्हणली, "आज्जी, हे मीच लिहिलंय." आन कपाळावर हात मारला. बघ ना माय, इतकं जिवाला लावून घेतलेलं कलम, आन विचारायचं राह्यलं तिलाच जी पाण्यात उतरणार. शिकलेल्यांची चूक बी कशी नीटनेटकी असते, वरून दिसतसुद्धा न्हाई. तिनं ते तिथल्या तिथं खोडलं आन लिहिलं, जी व्यक्ती काम करणार तिची स्वतःची सही किंवा अंगठा. अंगठा हे मी सांगितलं. तू अंगठाच लावला असतास.

मंग दोन दिवस ती तेच पान उघडायची आन मिटायची. मला म्हाईत होतं तिला काय भ्याव होतं. साहेबांनी सांगितलंय काढा, आन ही कंत्राटावरची पोर, पुढचे अकरा महिने त्यांच्याच सहीवर. तिचा बाप म्हणजे माझा लेक म्हणला, "जाऊ दे ना बाई, एका कलमासाठी कशाला वाईटपणा? जग असंच चालतं." मी मधी बोलले न्हाई. मी तरी काय तोंडानं बोलणार होते? अर्धी गोष्ट सांगून त्या साहेबाच्या हातात काठी मीच दिलेली. ती काठी काढून घ्यायची तर उरलेली गोष्ट लागणार होती, आन ती सांगायची का न्हाई हे तिनंच ठरवायचं होतं.

गुरुवार आला. मी सकाळपासून चार वेळा जिना झाडला. मिटिंग सुरू झाली, मी खालच्या पायरीवर, पण सूप मांडीवर तसंच, हलवलं न्हाई, का आवाज जाईल. साहेब म्हणले, "मसुदा पाठवलात, पण ते कलम तर तसंच आहे." नात म्हणली, "हो सर. मी तुम्हाला माझ्या पणजीची गोष्ट सांगितली होती. ती अर्धी होती. मलाही अर्धीच म्हाईत होती. उरलेली पाच मिनिटांत सांगते, मग तुम्ही म्हणाल तसं." आन तिनं सांगितलं. काही सजवलं न्हाई, काही आवाज चढवला न्हाई. तांब्या सांगितला, मनगटात धरलेला नारळ सांगितला, नखं सांगितली. शेवटी तुझं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, आपल्या बोलीत: इचारलं असतं तरी मी न्हाई म्हणले नसते, पण इचारलंच न्हाई कोणी. आन त्यावर म्हणली, "सर, लोक येतातच. आपणहून येतात, हे तुमचं बराबर आहे. म्हणूनच आधी विचारायला पाहिजे. न येणाऱ्याचे हात फुटत न्हाईत."

माय, काय सांगू. स्टेशनावर गाडी आली, भोंगा वाजला, ती गाडी जाऊ दिली सगळ्यांनी. मंग साहेब म्हणले, "त्यांचे हात बरे झाले का पुढं?" नातीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती म्हणली, "झाले सर. एक नख वाकडंच आलं." मंग ती सुंदर गोष्ट म्हणणारी बाई होती ना, ती म्हणली, "पण गावोगाव जाणार कोण?" ही म्हणली, "मी जाते. पहिल्या वर्षी मी जाते, कसं करायचं ते लिहून ठेवते, मंग दुसरं कोणीही करेल." साहेब म्हणले, "सावलीच्या मंडपाचं एवढं बारीक नियमात नको, ते कराराच्या जोडपत्रात टाका. विचारायचं ठेवा. स्वतःची सही ठेवा. नाही म्हणायची मुभा, तेही स्पष्ट लिहा. वर काय म्हणतात बघू, माझ्याकडून राहू दे." म्हणजे अजून वरचे आहेत माय, त्यांच्याही वरचे असतील, हे काही पंचायतीचं काम न्हाई. तिचं कंत्राट पुढं वाढतंय का न्हाई तेही अजून कळलं न्हाई. पण साहेबांच्या सहीनं तो कागद वर गेला, आन त्यात तुझं वाक्य आहे. तुझं नाव न्हाई, ते म्हणले नाव नको, पण वाक्य आहे, नियमाच्या आधी जे कारण लिहितात त्यात. नातीनं वाचून दाखवलं, शुद्ध करून लिहिलंय त्यांनी, तू ओळखलं नसतंस. पण मी ओळखलं.

मिटिंग संपल्यावर ती खाली आली आन माझ्या शेजारी बसली. मी आत जाऊन डब्यातला गूळ आणला, एक खडा तिच्या हातावर, एक माझ्या. तिनं लगेच तोंडात टाकला. मंग मी सूनबाईला सांगायला गेले, तिथून शेजारी, पुढचं तुला म्हाईतच आहे. आज आठ दिवस झाले, ती परत समुद्राकडं गेली, आन मी अजून सांगूनच राह्यले. आता मात्र पूर्ण सांगते. जिथं खण नारळ येतो तिथं हात पुढं करत न्हाई, मनगटं पुढं करते. दूधवाल्याच्या डोळ्यात पाणी आलं. तो म्हणला, "आज्जी, आधी का न्हाई सांगितलं असं?" मी म्हणलं, "गोष्ट गोड लागायची रे तशी." नातीलाही हेच सांगितलं होतं.

हा कागद पोस्टात टाकायचा न्हाई, हे मला कळतं. नात म्हणली होती, आज्जी, तू लिही, मी टाइप करून ठेवते. पण हा तिला देणार न्हाई, गव्हाच्या कोठीत घालते आन वरून झाकण. कारण पूर्ण सांगते म्हणलं तरी एक अजून सांगितलेलं न्हाई, तुझ्याशिवाय ते कोणालाच म्हाईत न्हाई. तुझे हात जरा बरे होऊ लागले होते, चिंध्या सुटल्या होत्या, आन तू मला वेणी घालायला बसवलंस. दीड महिन्यानं पहिल्यांदा. तुझ्या बोटांच्या चिरांत माझे केस अडकत होते, ओढले जात होते, आन त्या बोटांना अजून डिझेलचा वास येत होता. दारात माझ्या मैत्रिणी उभ्या होत्या. मी उठून उभी राह्यले आन मोठ्यानं म्हणले, "मला न्हाई तुझ्या हाताची वेणी पाहिजे." आन शेजारच्या काकूकडं पळाले. तू फणी कोनाड्यात ठेवलीस. त्यानंतर तू मला कधी वेणीला बोलावलं न्हाईस, आन मीही कधी बसले न्हाई. गोष्टीत तुझे हात आले का त्यांच्यामागून हे येतं माय. म्हणून इतकी वर्षं मी गोष्ट नारळापाशीच थांबवली.